भातखंडे स्वरलिपी संगणकावर लिहिताना: मात्रा, खुणा आणि ओळी जुळवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेटीच्या आणि गाण्याच्या क्लासची टिपणं टाइप करणाऱ्यांकडून, विशेषतः प्रवेशिका-मध्यमाच्या परीक्षेआधी, हेच प्रश्न फिरून फिरून येतात. भातखंडे स्वरलिपी म्हणजे सा-रे-ग-म अक्षरांत, मात्रेमात्रेनं गाणं लिहायची पद्धत. उत्तरं मुख्यतः वर्ड आणि लिब्रेऑफिस रायटर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. शेवटी स्टाफ नोटेशनचेही (पाच रेघांवर लिहायच्या पाश्चात्त्य पद्धतीचेही) थोडे प्रश्न आहेत. ‘मात्रा’ हा शब्द इथे फक्त तालाच्या मात्रेसाठी वापरला आहे. अक्षरावरच्या मात्रेला काना-वेलांटीतच धरलं आहे, नाहीतर घोळ होतो.

१. स्पेस देऊन सगळे स्वर एकाखाली एक नीट लावले होते. फाँटचा आकार बदलला आणि सगळं सरकलं. असं का?

कारण देवनागरीत प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. ‘सा’ रुंद, ‘ग’ त्याहून अरुंद, ‘नि’ला वेलांटीची जागा लागते, आणि स्पेस या सगळ्यांपेक्षा बारीक. वरच्या ओळीत ‘सा’ आणि खालच्या ओळीत ‘ग’ असला की पुढचा प्रत्येक स्वर थोडा थोडा ढळतो, तो फरक तुम्ही दोन-चार स्पेस मारून झाकता, आणि आकार बदलला की तो झाकलेला फरक उघडा पडतो. इंग्रजी टाइपरायटरछाप फाँटमध्ये सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असल्यानं तिथे ही युक्ती चालते. देवनागरीत ती चालत नाही. त्यामुळे स्वरलिपीत स्पेसबार फक्त एकाच कामाचा: गाण्याचं नाव लिहिताना.

२. मग टॅब वापरू, टेबल करू की एक्सेल?

टेबल. स्वरलिपीत मात्रा ही जागा असते. त्या जागेत एक स्वर येवो, चार येवोत किंवा नुसती आडवी रेघ येवो, जागेची रुंदी तीच राहायला हवी. टेबलाची चौकट नेमकं हेच करते. टॅबनंही ओळी जुळतात, पण सोळा मात्रांसाठी सोळा टॅब-थांबे लावावे लागतात आणि एका मात्रेतला मजकूर थांब्याच्या पुढे गेला की उरलेली ओळ एक घर पुढे उडी मारते. तीन-चार ओळींच्या अलंकारांना टॅब पुरतो, बंदिशीला नाही. एक्सेल आणि गूगल शीट्सही चालतात, फक्त त्यांची एक खोड आहे (प्रश्न १४ पाहा).

३. तीनतालाचं टेबल नेमकं कसं आखू? माझं पानाबाहेर जातं.

आधी साधा हिशेब करू. ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद. वर्डचा नेहमीचा समास दोन्ही बाजूंना २.५४ सेंटिमीटर, म्हणजे उरले १५.९२. त्याचे सोळा भाग केले की एका मात्रेला जेमतेम १ सेंटिमीटर येतो. त्यातही वर्ड प्रत्येक चौकटीच्या डाव्या-उजव्या बाजूला ०.१९ सेंटिमीटर मोकळं ठेवतो. हातात उरतात सुमारे ०.६ सेंटिमीटर. एवढ्यात १४ पॉइंटचा ‘सा’ कसाबसा बसेल, ‘सारे’ बसणार नाही.

म्हणून तीन गोष्टी करा. टेबल प्रॉपर्टीजमध्ये ऑप्शन्सवर जाऊन चौकटीचे डावे-उजवे समास शून्य करा. तिथेच ‘मजकुरानुसार आकार आपोआप बदला’ ही खूण काढा. बहुतेकांची टेबलं बिघडतात ती या एका खुणेमुळे. मग सगळे स्तंभ निवडून ‘डिस्ट्रिब्यूट कॉलम्स’ करा आणि मजकूर मध्यभागी आणा. तानांची बंदिश असेल तर पान आडवं घ्या: दीड सेंटिमीटर समास ठेवला तर २६.७ सेंटिमीटर मिळतात, म्हणजे मात्रेला सुमारे १.६७. पान आडवं नको असेल तर आठ-आठ मात्रांच्या दोन ओळी करा.

एका आवर्तनाला (तालाच्या एका पूर्ण फेरीला) तीन ओळी धरा: वर स्वर, मध्ये अर्धचंद्रासाठी बारीक ओळ (प्रश्न ५), खाली बोल. तालाच्या खुणा (×, २, ०, ३) टेबलाच्या तळाला एकदाच. × म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा; ० म्हणजे काल, टाळी न देता दाखवायची मात्रा. सगळ्या आतल्या रेषा काढून टाका आणि फक्त विभागाच्या शेवटी उभी रेघ ठेवा: तीनतालात चौथ्या, आठव्या, बाराव्या मात्रेनंतर, झपतालात २-३-२-३ अशी, रूपकात ३-२-२ अशी. सगळ्या रेषा ठेवल्या तर ते किराणा दुकानाच्या वहीसारखं दिसतं.

४. दुगुन (एका मात्रेत दोन स्वर) लिहिताना ‘सा-रे’ एका चौकटीत टाकलं तर ‘रे’ खालच्या ओळीत पडतो. जागा तर आहे!

जागा असूनही पडतो, कारण साध्या डॅशनंतर ओळ मोडायची परवानगी आहे असं प्रोग्रॅम समजतो. न मोडणारा डॅश वापरा: वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हींत कंट्रोल, शिफ्ट आणि डॅशची कळ एकत्र. जागाच कमी असेल तर स्वरांच्या मधे स्पेस देऊ नका (स्पेसवरही ओळ मोडते) आणि त्या चौकटीपुरता अक्षरांचा आकार दोन पॉइंटनी उतरवा. चौकट चार भागांत तोडायचा मोह मात्र टाळा. एकदा तोडली की खालच्या बोलांच्या ओळीशी तिचं नातं संपतं आणि पुढे स्तंभ ओढताना अर्धंच टेबल हलतं.

५. एका मात्रेतल्या स्वरांखाली अर्धचंद्र कसा काढू? चित्र म्हणून काढला की तो भटकतो.

भटकणारच, कारण चित्र पानाला किंवा परिच्छेदाला बांधलेलं असतं, तुमच्या ‘गम’ला नाही. वरती एक ओळ वाढवली की अर्धचंद्र कुठल्यातरी परक्या मात्रेखाली जाऊन बसतो.

मी अक्षराचाच अर्धचंद्र वापरतो. युनिकोडमध्ये ‿ हे चिन्ह आहे. स्वरांच्या खालच्या बारीक ओळीत ते मध्यभागी टाका. दोन स्वरांना ते पुरतं. चार स्वर असतील तर फाँटच्या चौकटीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन स्केल २०० टक्के करा, की चिन्ह आडवं ताणलं जातं, उंची तीच राहते. लिब्रेऑफिसमध्ये हीच सोय ‘कॅरॅक्टर’च्या ‘पोझिशन’ पानावर आहे. त्या बारीक ओळीची उंची ‘एक्झॅक्टली’ ठेवून ठरवून टाका, नाहीतर रिकाम्या चौकटीही पूर्ण ओळीएवढी जागा खातात.

६. कोमल स्वराखालची रेघ कंट्रोल-यूनं देते. पण ‘रेग’ दोन्ही कोमल असले की एकच लांब रेघ दिसते.

अधोरेखन हे शब्दासाठी बनवलेलं आहे, स्वरासाठी नाही. शेजारच्या दोन रेघा ते जोडणार, मधली स्पेसही अधोरेखित करणार, आणि मंद्राचा (खालच्या सप्तकाचा) बिंदू असेल तर त्याच्यावरून सरळ जाणार.

यापेक्षा वेदपाठाच्या मजकुरात लागणारी अनुदात्ताची खूण घ्या: रे॒ ग॒ ध॒ नि॒. ही त्या अक्षराचाच भाग असते, म्हणून ‘रे॒ग॒’ लिहिलं तरी रेघा अलग राहतात आणि कॉपी-पेस्ट करताना गळत नाहीत. टाकायची पद्धत: ‘रे’ लिहा, कळफलक इंग्रजीवर आणा, लगेच ०९५२ हे चार आकडे इंग्रजी आकड्यांत टाइप करा आणि ऑल्ट-एक्स दाबा. आकडे जाऊन खूण येईल. वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हींत हे चालतं. दरवेळी हे करायला नको असेल तर ऑटोकरेक्टमध्ये एखादा छोटा संक्षेप लावून टाका.

७. मंद्राचा बिंदू दिला की स्वराऐवजी तुटक गोल दिसतो. तारसप्तकाचा बिंदूही बाजूला जातो.

तुटक गोल म्हणजे खूण चुकीच्या क्रमानं आली. मंद्रासाठी नुक्ता वापरतात, आणि नुक्ता व्यंजनाला लागतो, वेलांटीला नाही. म्हणून ‘नि’ लिहून मग नुक्ता दिला की गोंधळ. आधी न, मग नुक्ता, मग वेलांटी: ऩि. इन्स्क्रिप्ट कळफलकावर नुक्ता उजव्या चौकटी कंसाच्या कळीवर आहे.

तारसप्तकासाठी बहुतेक जण अनुस्वार देतात: सां रें गं. व्याकरणाच्या मास्तरांना ते रुचणार नाही, आणि संगणकाकडून वाचून घेतलं तर तो ‘साम्’ म्हणेल, पण कागदावर बिंदू बिंदूसारखाच दिसतो आणि फाँटनं त्याची जागा नीट ठरवलेली असते. काही जण त्याऐवजी रोमन लिपीसाठी असलेले वरचे-खालचे जोडबिंदू वापरतात. ते अनेक देवनागरी फाँटांत नसतात, म्हणून प्रोग्रॅम दुसऱ्याच फाँटमधून बिंदू उचलून आणतो आणि तो कुठेतरी बाजूला लटकतो. तुमचा बाजूला जाणारा बिंदू बहुधा असाच आला आहे.

दोन खुणा एकत्र आल्या तर क्रम पाळा. मंद्र कोमल निषाद: न, नुक्ता, वेलांटी, आडवी रेघ. तार कोमल गंधार: ग, अनुस्वार, रेघ. काही फाँटांत बिंदू आणि रेघ एकमेकांवर बसतात. तिथे फाँट बदलणं हाच उपाय. ‘ऩि॒’ आणि ‘ग़॒’ एवढे दोन स्वर टाइप करून आधी फाँटची परीक्षा घ्या, मगच पूर्ण पुस्तिका सुरू करा.

८. आणि तीव्र मध्यम?

म॑. पद्धत प्रश्न ६ चीच, आकडे ०९५१. तारसप्तकातला तीव्र मध्यम असेल तर आधी अनुस्वार, मग उभी रेघ.

९. कणस्वर (मुख्य स्वराला ओझरता लागणारा छोटा स्वर) टाकला की ती एकच ओळ उंच होते आणि पान वेडंवाकडं दिसतं.

कणस्वर सुपरस्क्रिप्टनं दिला की अक्षर वर सरकतं आणि प्रोग्रॅम त्या ओळीला जास्त उंची देतो. सगळ्या स्वर-ओळी निवडा, परिच्छेदाच्या लाइन स्पेसिंगमध्ये ‘एक्झॅक्टली’ घ्या आणि अक्षराच्या आकाराच्या दीडपट-पावणेदोनपट आकडा द्या. १४ पॉइंटच्या अक्षराला २२ ते २४. कमी दिलात तर ओळी सारख्या होतील, पण तारसप्तकाचे बिंदू आणि म॑वरची रेघ कापली जाईल. आणि पडद्यावर कापलेला बिंदू लक्षातही येत नाही. क्लासमध्ये कुणीतरी तार सा मध्य सप्तकात म्हणून मोकळं होतं, तेव्हा कळतं.

१०. मींडीची (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची) कमान दोन-तीन मात्रांवरून जाते. तिला काय करू?

हे एकच काम चित्रानं करावं लागतं. म्हणून ते सगळ्यात शेवटी करा: मजकूर पक्का, पानं पक्की, मग कमानी. प्रत्येक कमानीला ‘मजकुराबरोबर हलवा’ ही खूण द्या आणि तिचा नांगर त्याच आवर्तनाच्या परिच्छेदात आहे ना, ते बघा. प्रश्न ५ मधली अडचण पूर्ण जात नाही, फक्त कमी होते.

११. बोल लांबवायची खूण म्हणून इंग्रजी एस टाकला तर चालेल का?

दिसायला चालतं, म्हणून सगळेच टाकतात. पण तो रोमन फाँटमधून येतो, त्यामुळे जाडी आणि उंची बोलांशी जुळत नाही. खरा अवग्रह ऽ वापरा, आकडे ०९३द, यातला शेवटचा ‘द’ म्हणजे इंग्रजी चौथं अक्षर डी. स्वर लांबतो तिथे वर डॅश, बोल लांबतो तिथे खाली अवग्रह. दोन्ही आपापल्या चौकटीत एकटे बसले पाहिजेत.

१२. सगळं निवडून आकार १६ केला. ‘सा रे ग’ मोठे झाले, डॅश आणि तालाचे आकडे लहानच राहिले. (काहींचं उलटं होतं.)

वर्ड आणि लिब्रेऑफिस देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स’ लिपी मानतात आणि तिचा फाँट, तिचा आकार वेगळा सांभाळतात. डॅश आणि × ही चिन्हं अनेकदा रोमनच्या खात्यात जातात. फाँटची पूर्ण चौकट उघडा. तिथे दोन खाती दिसतील, दोन्हींत तोच फाँट आणि तोच आकार द्या. लिब्रेऑफिसमध्ये दुसरं खातं दिसतच नसेल तर पर्यायांमध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करा. दोन्ही खात्यांत एकच फाँट दिला की डॅशची उंचीही स्वरांच्या मध्यावर येते.

१३. तीन डॅश देऊन एंटर दाबलं तर पानभर आडवी रेघ उमटली, ती पुसताही येत नाही.

वर्डची आगाऊ मदत. लगेच कंट्रोल-झेड दाबा. नंतर ती रेघ मजकूर राहत नाही, परिच्छेदाची किनार होते, त्यामुळे ‘बॉर्डर्स’मध्ये जाऊन ‘नो बॉर्डर’ करावं लागतं. कायमची बंद करायची तर ऑटोकरेक्टच्या ‘ॲज यू टाइप’ पानावरची ‘बॉर्डर लाइन्स’ची खूण काढा. तिथे गेलाच आहात तर शुद्धलेखन तपासणीही या फाइलपुरती बंद करा. ‘सारेग’खाली येणारी लाल नागमोडी रेघ छापली जात नाही, पण पडद्याचा फोटो पाठवलात तर समोरचा तिला कोमल समजू शकतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं यमनात आठवडाभर कोमल गंधार घोटला होता!

१४. एक्सेलमध्ये ‘-सा’ लिहिलं की चूक दाखवतं.

सुरुवातीचं वजाचिन्ह पाहून एक्सेल ते गणित समजतं. आधी सगळ्या चौकटी निवडून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. यानं तालाचे २ आणि ३ उजवीकडे चिकटायचेही थांबतात. एखादीच चौकट असेल तर सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह द्या, ते छापलं जात नाही.

१५. बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचा, फिरून फिरून येणारा भाग) सातव्या मात्रेपासून आहे. टेबल समेपासून सुरू करू की मुखड्यापासून?

दोन्ही पद्धती चालतात, पण एका पुस्तिकेत एकच ठेवा. मुखड्यापासून आखलं तर गाताना सोपं: तीनतालात पहिले दोन स्तंभ म्हणजे मात्रा ७ आणि ८, मग विभागाची रेघ, मग ०, ३, × यांचे चार-चार स्तंभ, आणि शेवटी मात्रा ५ आणि ६. अशा वेळी सम अकराव्या स्तंभात येते आणि २ ही खूण पंधराव्यात. इथेच चूक होते: लोक जुनं टेबल नकलून घेतात, बोल बदलतात आणि रेघा समेपासूनच्याच राहतात. समेपासून आखलं तर पहिल्या सहा चौकटी रिकाम्या सोडा. त्या काढून ओळ डावीकडे सरकवू नका.

रूपकात आणखी एक गंमत. त्याची सम कालावरच असते, म्हणून पहिल्या मात्रेखाली ० आलेला पाहून तो ‘दुरुस्त’ करू नका.

१६. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा एका ओळीत मावत नाहीत.

मावायला नकोच. प्रत्येक मात्रेचे चार भाग धरले तर आवर्तनात अठ्ठेचाळीस जागा होतात. एका ओळीत दोन विभाग, म्हणजे चार मात्रा घ्या आणि तीन ओळींत आवर्तन पूर्ण करा. १७ सेंटिमीटर रुंदीत मात्रेला सव्वाचार सेंटिमीटर मिळतात. फक्त इथे, प्रश्न ४ मधला सल्ला मोडून, मी मात्रेचे चार स्तंभ करतो. पण ते पहिल्यापासून पूर्ण टेबलाला, बोलांच्या ओळीसकट.

१७. पान संपताना स्वर एका पानावर आणि बोल पुढच्या पानावर जातात.

स्वरांची आणि अर्धचंद्राची ओळ निवडून परिच्छेदाच्या पर्यायांत ‘कीप विथ नेक्स्ट’ द्या. टेबल दोन पानांवर जात असेल तर आणि वर मात्रांचे आकडे लिहिले असतील तर ती पहिली ओळ ‘रिपीट हेडर रो’ करा.

१८. माझ्याकडे नीट दिसतं, क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं विस्कटतं.

समोरच्याकडे तुमचा फाँट नसतो, म्हणून दुसरा लागतो, रुंदी बदलते. पीडीएफ पाठवा, त्यात फाँट सोबत जातो. दुसऱ्यानं दुरुस्त्या करायच्या असतील तर वर्डच्या ‘सेव्ह’ पर्यायांत फाँट फाइलमध्ये समाविष्ट करा. मजकूर थेट मेसेजमध्ये चिकटवू नका. सारख्या रुंदीच्या अक्षरांची तिथली सोयही प्रश्न १ मधल्या कारणामुळे देवनागरीला लागू पडत नाही.

जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधली फाइल असेल तर तिथे अक्षरं रोमन संकेतांवर बसवलेली असतात. कन्व्हर्टरनं शब्द येतात, पण बिंदू आणि रेघा हमखास इकडेतिकडे होतात. प्रत्येक खूण मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा.

१९. म्यूझस्कोरमध्ये (स्टाफ नोटेशन लिहायच्या प्रोग्रॅममध्ये) मराठी बोल घातले की स्टाफवरच्या नोटा एकमेकींपासून लांब जातात.

प्रोग्रॅम बोल एकमेकांवर चढू नयेत म्हणून नोटा ढकलतो. आधी बोल नीट तोडा: एका नोटेला एक अक्षरगट, मधे डॅशची कळ, शब्द संपला की स्पेस. अख्खा ‘विठ्ठला’ एकाच नोटेखाली टाकला असेल तर तो माप (स्टाफवरच्या दोन उभ्या रेघांमधला भाग) फुगवणारच. मग स्टाइलमध्ये बोलांचा आकार एक-दोन पॉइंट कमी करा. तरीही माप रुंद वाटलं तर ते निवडून डाव्या महिरपी कंसाची कळ दाबा, उजवीनं ते सैल होतं. नोटा माउसनं ओढू नका. ओढून झाल्याच असतील तर त्या निवडून कंट्रोल-आर दाबा, मूळ जागी येतील.

२०. महिरपी कंस दाबला तर काहीच होत नाही. बोल लांबवायची खालची रेघही येत नाही.

कळफलक मराठीवर राहिला आहे. इन्स्क्रिप्टमध्ये त्या कंसांच्या जागी ढ आणि ञ आहेत, आणि खालच्या रेघेच्या जागी विसर्ग. बोल मराठीत लिहा, आज्ञा देताना विंडोज-स्पेसनं इंग्रजीवर या.

२१. शेवटची ओळ दोनच मापांची आहे, पण पानभर ताणली जाते.

पानाच्या स्टाइलमध्ये ‘लास्ट सिस्टिम फिल थ्रेशोल्ड’ आहे. ओळ त्या टक्क्यापेक्षा जास्त भरली असेल तर ताणली जाते. आकडा वाढवा.

२२. आमच्या गुरुजींची वही पलुस्कर पद्धतीची आहे. तीच मांडणी चालेल ना?

चौकटी चालतील, खुणा नाहीत. पलुस्कर पद्धतीत स्वरावरचा बिंदू मंद्र दाखवतो आणि उभी रेघ तारसप्तक, म्हणजे भातखंडेंच्या नेमकं वेगळं. सम १ आणि काल + असा लिहितात. एकाच फाइलमध्ये दोन्ही पद्धती ठेवू नका, आणि वहीतून टाइप करायच्या आधी पहिल्या पानावर कुठली पद्धत ते लिहा.